कोकराचं उष्टं

"थांब. आधी त्याला दे."

साळूबाईनं पेंडीचं घमेलं म्हशीपुढं ठेवायच्या आत सगुणाबाईनं ते ओढून घेतलं आणि गोठ्यातल्या कोकरापुढं सरकवलं. धाकटी जाऊ झाली म्हणून काय झालं, विश्वास कुणाचा धरायचा? थोरली म्हैस महिन्याभरापूर्वी याच दावणीला गेली होती. डोळे पांढरे झाले, नाक गळायचं थांबेना, आणि आठवड्यात आडवी झाली. तिला शेवटची पेंड कुणी घातली होती? साळूबाईनं. आता ही एकच राहिली होती, गाभण. ही गेली की घरात ताकाचा थेंब दिसायचा नाही.

"ही मेली तर जफराबादेच्या ठाण्यात अमीनसाहेबापुढं उभी करीन तुला," सगुणाबाई म्हणाली.

"जीव तोडून करून राह्यले तुमच्या ढोरांचं, आक्का," साळूबाईचे डोळे भरून आले, "अन् तुम्ही मला ईख-जहर घालणारी म्हणता."

सगुणाबाईला जराशी लाज वाटली, पण घमेल्यावरचा हात तिनं काढला नाही.

तेवढ्यात पुंजाराम धनगर दारात आला. दिवाळीत त्याच्या मेंढ्या सगुणाबाईच्या रानात खतासाठी बसल्या होत्या. आई मेलेलं हे कोकरू त्यानंच तेव्हा तिच्या पदरात टाकलं होतं. बोंडल्यानं दूध पाजून तिनं ते पोरासारखं वाढवलं. आता शिमग्याला त्याचा कळप टेंभुर्णीवरून ह्याच वाटेनं परत चालला होता.

कोकरू दावणीला बघून तो दचकला.

"थोरलीचे डोळे पांढरे झाल्ते का, बाई?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. हे म्हशीजवळ ठेवू नका. माझा बाप मेंढरू अन् म्हैस एका जागी बांधू द्यायचा न्हाई; म्हणायचा, मेंढरू धडधाकट राहतं अन् म्हैस जाते. का, ते मलाबी ठाव न्हाई. द्या, घेऊन जातो."

"देऊन टाका, आक्का," साळूबाई म्हणाली.

सगुणाबाईनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. कोकरू गुबगुबीत झालं तेव्हा बरा आठवला याला बाप. आणि हिला ते घालवायची एवढी जल्दी का? चाखणारं तोंडच गोठ्यातून गेलं, की मग रान मोकळं.

"रोग ह्याच्यात असता तर आधी हेच मेलं असतं," ती म्हणाली. "निघा दोघंबी."

दोघं गेले. सगुणाबाईनं कोकराचं दावं सोडून म्हशीच्या अगदी तोंडाशी बांधलं. त्याला डावलून आता म्हशीच्या पोटात काडीही जायची नव्हती. कोकरानं पेंडीत नाक खुपसलं, मनसोक्त खाल्लं आणि जागच्या जागी उड्या मारल्या. तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला.

त्याच्या लाळेनं ओली झालेली उरलीसुरली पेंड तिनं ओंजळीत घेतली आणि म्हशीपुढं धरली.

"खा माय," ती म्हणाली. "आता भ्यायचं काम न्हाई."