रुंद मॉनिटर

बाबांना घरच्या कामासाठी दोन नकाशे शेजारी शेजारी पाहायचे होते, म्हणून ऑफिसातून परस्पर दुकानात आलेल्या मुलीने स्वस्तातले तीन रुंद मॉनिटर लावून दाखवायला सांगितले. बाबा घरून आले.

"नावालाच रुंद गं," बाबा म्हणाले. "आपल्या जुन्या डब्याएवढाच तर आहे!"

"काका, याहून रुंद नेलात तर घराची भिंत पाडावी लागेल," दुकानदार हसला.

ती हसली नाही. तिने माउसचा बाण उजव्या कडेपासून हळूहळू डावीकडे सरकवला. "समोरच बघत राहा. बाण दिसेनासा झाला की सांगा हं, बाबा."

बाण मध्यावर आला. "गेला. इथेच संपते बघ स्क्रीन."

पांढऱ्या स्क्रीनवर काळा बाण तिला ठळक दिसत होता. तिने दुसरा मॉनिटर तपासला, मग तिसरा. बाबांचं "गेला" दर वेळी मध्यावरच आलं.

"फसवतात नुसते. चल घरी," म्हणत बाबांनी खिशातून गाडीची किल्ली काढली.

"किल्ली द्या, बाबा. आपण टॅक्सीने जाऊ. आधी हॉस्पिटलमध्ये."

"का गं? आत्ता इथवर मीच चालवत आलो की! रस्त्याच्या डाव्या कडेला तर आज चिटपाखरूही नव्हतं."