छोट्या लाइनची खिडकी

डब्याजवळ पोचायच्या आधीच भोजराजनं खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि खिडकीतून आत फेकला. जागा धरली!

चंद्रकुमार पोट धरून हसला. "बाबा, बगिच्यातला डबा आहे हा. इथं तुमची जागा घ्यायले कोण येऊन राहिलं?"

"काऊन हासून राहिला बे? चाल, चढ," भोजराज लेकावरच खेकसला.

पण सवय ती सवय. छोटी लाइन, अरुंद रुळांवरची ती आगगाडी, कधीच बंद पडली. तिचा हा एक डबा रंगरंगोटी करून गोंदियाच्या बागेत उभा केला होता, आणि तो पाहायला सडक अर्जुनीहून सगळं घर गाडी करून आलं होतं. भोजराजचा जीव की नाही, खिडकीत. लग्न झाल्यापासून बायकोच्या माहेरी, लामट्याला जायचं तर खिडकीत हा, आणि सुशिलाबाई आतल्या बाजूला, मांडीवर पोर, पायाशी पिशव्या. घरचा कायदाच होता तो.

तो दांडी धरून वर चढला तर काय! सुशिलाबाई खिडकीत बसलेली. दुपट्ट्याची घडी घालून समोरच्या बाकावर ठेवलेली. सकाळपासून गुडघ्यांच्या नावानं रडणारी ही बाई चढली कधी, देव जाणे.

"अवो, माही जागा होय थे."

"होती," सुशिलाबाई म्हणाली.

"कोळसा जाते डोळ्यात, म्हणून सांगतो. तुह्याच भल्याचं आहे."

"कोळशाचं इंजिन होतं तवा मानलं. मंग डिझेल आलं, तरी तुमचा कोळसा काही सरला नाही. आता तं इंजिनच नाही!"

डबा पाहायला आलेली परकी माणसंसुद्धा हसली. नात रुचीनं तर टाळ्याच वाजवल्या. भोजराजला राग आला, चांगलाच आला. आयुष्यात एवढी एक हौस, तीही या वयात हिसकावून घ्यायची? तो फुगून समोर बसला.

"गाडी चालून नाही राहिली," थोड्या वेळानं तो म्हणाला. "दिसून काय राहिलं तुले बाहेर?"

बाहेर चहाचा ठेला होता, चार मोटारसायकली होत्या आणि एक बकरी कुंपणाचा पाला ओरबाडत होती. सुशिलाबाई टक लावून पाहत होती.

"लामटा आलं का नाही, हे मले कसं कळे, ठाऊक आहे?" मान न वळवता ती म्हणाली. "तुमी चपला घालाले लागले का मी समजो, माहं गाव आलं."

भोजराजला वाईट वाटलं. इतक्या वर्षांत हे कधी मनातही आलं नव्हतं.

"ऐका न," सुशिलाबाई म्हणाली. "चाय आणा. आन् लवकर या, गाडी सुटून जाईल."

भोजराज निमूट उतरला. डब्याची चाकं सिमेंटात पक्की रोवलेली होती, ती त्यानं नीट पाहिलीही. ठेला तर हाकेवरच होता. तरी चहाचा कप घेऊन म्हातारा पळत पळत आला आणि खाली उभ्यानंच, धापा टाकत, त्यानं तो खिडकीत वर धरला.