मासळी बाजारातली दुसरी फेरी

"मी तर पडले, आता माझ्याकडे कशाला आलीस?" सुरमई कापता कापता मथुराबायने विचारलं. मासळीवाल्या बायकांच्या सोसायटीच्या अध्यक्षपदाला तिघी उभ्या होत्या. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच मिळाली नाहीत, म्हणून रविवारी पहिल्या दोघींत पुन्हा मतदान होतं. तिसरी आलेली मथुराबाय बाद झाली होती.

समोर उभी होती त्या दोघींतली एक, गजराबाय. तिचं आणि मथुराबायचं बोलणं कधीचंच तुटलं होतं.

"मला मत द्या म्हणून सांगू नकोस," गजराबाय म्हणाली. "नुसतं मतदानाला या म्हणून सांग. निम्म्या तरी बायका आल्या नाहीत तर सरकारी माणूस नेमतील आणि बर्फाच्या गोदामाची किल्ली त्याच्याकडे जाईल. तुला मत दिलेल्या बायका तुझंच ऐकतात."

मथुराबायने पुढची सुरमई कापायला घेतली. पण संध्याकाळी ती कोळीवाड्यात घरोघर फिरली. हरल्यावर पुन्हा त्याच उंबऱ्यांवर जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"तूच नाहीस, तर आम्ही कशाला येऊ गो?" बायका विचारायच्या.

"मी नसले तरी बाजार आपलाच आहे. कुणालाही द्या, पण या."

रविवारी मतदानाला शाळेबाहेर बायकांची रांग लागली. गजराबाय हरली.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात मथुराबायपुढे येऊन थांबली. "तुझ्या बायकांनी मला पाडलं."

"मी फक्त या म्हणून सांगितलं होतं."

"तेच तर मी मागितलं होतं," गजराबाय म्हणाली, आणि डोक्यावरची पाटी उतरवून तिच्या शेजारी विकायला बसली.