पहिलं नाव

शोधनिबंधावर पहिलं नाव लागलं, की हृषीकेशला विभागप्रमुखाची खुर्ची मिळणार होती आणि खुर्चीबरोबर संशोधन संस्थेच्या कॉलनीतला बंगला. अडचण एवढीच, की सोडियम बॅटरीची पावडर दमट हवेत टिकवण्याची युक्ती त्याच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या त्याच्या बायकोची, मेधाविनीची होती.

"नाव कुणाचंही असलं तरी घरातच राहतं ना गं?" तो लाडात येऊन म्हणाला. "पुढचा शोध तुझ्या नावावर."

"शोध म्हणजे काय भिशी आहे, पाळीपाळीने लागायला?" असं म्हणत ती हसली, आणि हसता हसता तिने आपलं नाव दुसरं घातलं.

खुर्ची मिळाली. त्याच आठवड्यात हृषीकेशने तिला केबिनमध्ये बोलावलं. "प्रमुखाच्या हाताखाली त्याच्या घरचं माणूस चालत नाही, असा नियम आहे. तुझी बदली प्रशासनात होतेय."

"हा नियम तुला आधीपासून माहीत होता?"

तो टेबलावरची काच पुसू लागला. "अगं, पण बंगला तर दोघांचाच आहे ना!"

संस्थेला पेटंट मिळालं, त्याला खुर्ची. प्रयोगशाळा गेली ती मेधाविनीची, आणि त्या नुकसानीत अर्धा वाटा उचलायला घरातलं कुणी पुढे आलं नाही.