तिसरा तांब्या

रंगूबाईनं यानिनाच्या तळहातावर मिठाचा खडा ठेवला. "चघळ. मग पानी पी."

"आनि किती?" त्या बारा वर्षांच्या काटकुळ्या, गोऱ्या पोरीनं विचारलं. दोन तांबे झाले होते.

"पी गं माजी बाय."

आटपाडीच्या बाजारात मेंढरू न्यायचं असलं की रंगूबाईचा बाप सकाळी हेच करायचा. मेंढराचं पोट भरलेलं दिसायचं, वजनही भरायचं.

महायुद्धात आलेल्या पोलंडच्या निर्वासितांचं पाचगणीतलं ते घर महिनाअखेर बंद होणार होतं. रंगूबाई चार वर्षं तिथं कामाला होती. यानिनाची आई हेलेनाबाई मराठी तिच्याकडूनच शिकली होती. आता ती पायरीवर कागद उलगडून बसली होती.

"इंग्लंड म्हनतंय, नवरा त्यांच्या फौजेत पायजे. माजा तर बर्फात मेला. बेल्जियमला गडीमानसं पायजेत, कोळशाच्या खानीत. फ्रान्स बाया घेतंय, शेतावर. पर लेकराचं वजन बघनार, छाती बघनार."

"आनि तुमचं गाव?"

"त्ये रशियानं घेतलं."

रंगूबाईनं तिसरा तांब्या भरला.

दुपारी फ्रान्ससाठी माणसं निवडणारा डॉक्टर आला. त्यानं यानिनाला काट्यावर उभं केलं. काटा हवा तिथं थांबला. हेलेनाबाईनं रंगूबाईचा हात घट्ट धरला. मग डॉक्टरनं पोरीच्या पाठीला नळी लावली आणि खोकायची खूण केली.

यानिना खोकली. खोकता खोकता पोटातलं सगळं पाणी फरशीवर आलं.

रंगूबाई फडकं घेऊन धावली. पाण्यात रक्ताचा तांबडा धागा होता. तिनं आधी तोच पुसला. वर पाहिलं, तर डॉक्टरची नजर फडक्यावरच होती. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि हलक्या आवाजात दोन वाक्यं बोलला.

हेलेनाबाई बाहेर येऊन पुन्हा पायरीवर बसली.

"मला घेत्यात," ती म्हणाली. "पोरीला न्हाई."

रंगूबाई फडकं पिळत राहिली. त्यात पिळायला काही उरलं नव्हतं.

"आमच्या आटपाडीला चला," ती शेवटी म्हणाली. "तितं काय न्हाई. पानीबी न्हाई. पर हवा कोरडी हाय, आनि वेशीवर कुनी छाती बघत न्हाई."

हेलेनाबाई कागदाच्या घड्या घालत राहिली.

आतून यानिनाची हाक आली. मिठानं तिचा घसा सुकला होता.

"रंगूमावशी, पानी."