टाकीवरची बाटली

इस्त्री करता करता ताई थबकली. कुठून तरी दालचिनीचा, लवंगेचा उबदार वास येत होता, आणि त्याच्यामागे जुन्या लाकडी कपाटाचा. तिने चादर हुंगून पाहिली, खिडकीबाहेर नाक काढलं. काखेत कळसा म्हणतात ते हेच. वास तिच्याच बाहीला होता.

सकाळी बाथरूममध्ये फवारायला फ्लशच्या टाकीवर ठेवलेली बाटली पुसताना चुकून फवारा उडाला होता. तेव्हा तर नाकात झणका गेला होता. आणि आता बाही नाकापासून दूर करवेना.

बाटली धाकट्या बहिणीने दिलेली. ती एका मोठ्या दुकानात दिवसभर उभी राहून सेंट विकते. ताईने तेव्हा नुसतं झाकण हुंगलं होतं आणि सासरच्या सगळ्यांसमोर म्हणाली होती, "अगं, हा तर मसाल्याचा डबा! हे लावून फिरले तर लोक पानं मांडून बसतील." सगळे हसले. धाकटीही हसली, आणि त्यानंतर या घराकडे फिरकली नाही. आईच्या माघारी दोघींना दोघीच होत्या, तरीही.

आज ती येणार होती. ताईने नाकदुऱ्या काढून बोलावलं होतं.

बेल वाजली तेव्हा ताईच्या मनगटावर, मानेवर तोच वास होता. धाकटी दारातच थांबली. तिने ताईचा हात धरून मनगट नाकाशी नेलं.

"लावतेस तू?"

"मग! तू दिलेला ना. जपून जपून वापरते."

धाकटीचे डोळे भरून आले. "सुरुवातीला उग्रच वाटतो गं हा. थोडा वेळ द्यावा लागतो. गिऱ्हाइकांना रोज सांगते, तुलाच सांगायचं राहिलं."

तिने हात तसाच धरून ठेवला होता. तेवढ्यात ताईचा नवरा कामावरून आला. मेहुणीला पाहून खूश झाला, बूट काढायला वाकला आणि नाक वर करून म्हणाला, "अगं, बाथरूमचं दार उघडं राहिलंय वाटतं. पार इथपर्यंत वास येतोय."

धाकटीने ताईचा हात सोडला, पण सावकाश, दुकानातली बाटली गिऱ्हाइकाने नको म्हटल्यावर जागेवर ठेवतात तसा.

"दार बंदच आहे, भावोजी," ती म्हणाली. "हा ताईच्या अंगाला येतोय."