गोधडीतला भात

१९७४ सालची गोष्ट. रॉकेल इतकं महागलं होतं, की मिरजेची शरयू भाताला कढ आल्याबरोबर स्टोव्ह विझवी आणि पातेलं गोधडीत गुंडाळून कॉटवर ठेवी. भात आपसूक शिजे.

तिला पाहायला आलेल्या मुलाची आई लोड समजून त्या गाठोड्याला टेकली आणि चटका बसून ताडकन उठली. शरयूला वाटलं, हेही स्थळ गेलं!

बाईंनी गोधडी उलगडून शीत चेपलं. "शिजलाय की गं! कुणाची अक्कल ही?"

"माझी."

"मग आमच्याकडेच ये बाई. आमचं रॉकेल पंधरवड्यातच संपतं."

लग्न झालं. पुढे सासूबाई गेल्या, शरयूची आईही गेली. नवरा मात्र अजून कुरकुरतो, "मला तू आधीच आवडली होतीस. पण मला विचारलं कुणी?"